नंबर टाकलेले दगड

मी दिल्लीला नेमकं काय शिकतो, हे आमच्या घरात शेवटपर्यंत कोणाला पटलं नाही. स्थापत्याची पदवी घेतली तेव्हा वडिलांनी नांदुऱ्याच्या बाजारात पेढे वाटले होते. पोरगं इमारती बांधणार, म्हणजे लोकांना दिसेल असं काहीतरी करणार. पुढे मी जुन्या इमारतींच्या जतनाचा पदव्युत्तर अभ्यास करायला निघालो आणि सगळा घोळ झाला. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडता सोडता त्यांनी विचारलं, "म्हंजे पडक्या घराले नवं करनार तू?"

"नवं नाही करायचं, बा. आहे तसं टिकवायचं."

"मंग पडकं ते पडकंच ठेवनार? अन् हे शिकाले दिल्ली काऊन पाह्यजे? आपला गोठा पाह्य ना, मी इतके वर्सं तेच करून राह्यलो."

आई पदराआड हसली. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो. तेव्हा मी फार लवकर चिडायचो. आता वय झालं, पण तो गुण गेलेला नाही.

दिल्लीत तरी कोण मोठं कौतुक करत होतं! वर्गात आम्ही मोजकेच. शिकवणारे सर उतारवयाचे, उत्तरेकडचे आणि तोंडाने भलतेच तिखट. कोणी 'सुधारणा' हा शब्द उच्चारला की हातातला खडू भिरकावायचे. पडलेल्या इमारतीला हात लावण्याआधी ती कशी पडली ते बघा, प्रत्येक दगडाला नंबर टाका, कागदावर त्याची जागा नक्की करा आणि मगच तो उचला, असा त्यांचा धोशा. प्रबंधासाठी बाकीच्यांनी दिल्लीतले मकबरे आणि दरवाजे निवडले. संध्याकाळी खोलीवर परतता येईल असं सगळं. मी म्हटलं, मला बुलढाणा जिल्ह्यातलं एक देऊळ करायचंय. वर्गात कोणालाच तो जिल्हा ठाऊक नव्हता. एकाने विचारलं, हे मध्य प्रदेशात येतं का? महाराष्ट्र होऊन दहाबारा वर्षं झाली होती. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

देऊळ मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्याही पलीकडे, एका लहान गावाच्या कडेला होतं. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं, एसटीने बुलढाण्यावरून मेहकर गाठायचं, पुढे मिळेल ती बैलगाडी, नाहीतर पाय होतेच. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय नुसतं एकमेकांत बसवलेलं महादेवाचं देऊळ. गाभारा शाबूत होता. पुढचा मंडप मात्र माझ्या जन्माच्याही आधी एका उन्हाळ्यात बसला होता. खांब, तुळया, छताच्या शिळा, सगळं पडलं तसं पडून होतं.

आणि यातच माझा सगळा आनंद होता, कारण त्यातला एकही दगड कोणी नेला नव्हता. पडक्या देवळाचे दगड एरवी राहतात होय? कोणाच्या उंबऱ्याला जातात, कोणाच्या न्हाणीला. या गावात मात्र पक्की समजूत होती की ज्याच्या घराला देवाचा दगड लागला त्याच्या घरात पुढे दिवा लावायला माणूस उरत नाही. त्यामुळे धुणं आपटायलासुद्धा कोणी तिथला दगड उचलला नव्हता. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. म्हणाले, पूर्ण पडलेली आणि पूर्ण शिल्लक असलेली इमारत मी आयुष्यात पाहिली नाही. तू प्रत्येक दगडाची जागा जुळवून आण, मंडप पुन्हा उभा करायची फाइल मी स्वतः सरकारकडे घेऊन जातो. एरवी ते कोणाला पाणीही विचारत नसत.

गावात माझी सोय देवळाच्या गुरविणीकडे झाली. पन्नाशीची, विधवा, उंच बाई. पहाटे देवाला पाणी घालायची, बेल आणायची, संध्याकाळी एकटी नगारा वाजवायची. त्या बदल्यात सुगीला गावातून धान्य मिळायचं. ती नवी नवरी होऊन आली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मंडप पडला. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरायची. मंडप गेला तशी ती दरवर्षी विरत गेली. देवाच्याच डोक्यावर छप्पर नाही, तिथे नवस कोण बोलणार? जत्रा आटली, तसं गुरवाच्या घरातलं धान्यही आटलं. तिचा एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन मलकापूरला जिनिंगमध्ये कपाशीचे गठ्ठे उचलायला गेला. मंडप उभा राहिला, जत्रा भरली, तर पोरगा घरी येईल, हे तिचं गणित. पहिल्याच दिवशी ताटात अंबाडीची भाजी वाढताना तिने विचारलं, "बापू, खरं सांग. मंडप उभा राहीन का?"

"राहील मावशी," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

तो हिवाळा मी त्या दगडांत काढला. सकाळी ऊन वर यायच्या आत मापं घ्यायची, दुपारी चित्रं, उतरत्या उन्हात पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचे. नंबर दगडाच्या दर्शनी बाजूवर टाकायचा नसतो, सांध्यात झाकली जाणारी बाजू त्यासाठी शोधायची. पण पडलेला दगड ती बाजू वर करून थोडाच पडतो! गावातली माणसं पहार घालून दगड उलटायला यायची. पारावर बसणाऱ्यांना तर फुकटचा तमाशाच मिळाला. "काय साहेब, गोट्यायची शिरगणती कुठवर आली? याचं नाव काय लिवलं? लगन झालं का याचं?" मी आधी भडकायचो, मग मीही सांगू लागलो की याचं लग्न त्या पलीकडच्या खांबाशी ठरलंय. एकदा तर ते खरं ठरलं. एका खांबाचं डोकं आणि त्यावरची तुळई गवतात एकमेकांपासून लांब पडली होती. पाचसहा जणांनी ती शेजारी आणून टेकवली, तर खाच खाचेत अशी बसली की मधे नखही जाईना. सगळे एकदम ओरडले. गुरवीण धावत आली, दोन्हींना हळदकुंकू लावलं आणि डोळे पुसत बसली. चाळीस वर्षं मी हे काम केलं, पुढे मोठमोठ्या इमारती हातून गेल्या, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी काम पुरं झालं. सगळे दगड मोकळ्या जागेत ओळीने मांडून ठेवले आणि मी दिल्लीला परतलो. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. पुढच्या वर्षी तर झालाच नाही.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल लोक आता फार बोलतात. मी दिल्लीत टेबलावर वाकून मंडपाचे नकाशे काढत होतो आणि वर्तमानपत्रात आमच्याकडच्या बातम्या आतल्या पानावर चारदोन ओळींत येत होत्या. सुट्टीत घरी आलो तर विहिरीच्या तळाला भेगा पडलेल्या. वांग्याचे वाफे जळून गेले होते. वडील खाटेवर बसून कोरड्या पाटाकडे बघत होते. गोठ्यात एकच बैल उरला होता. त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल काही विचारलं नाही. दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी मेहकरची एसटी धरली. प्रबंधाच्या आधी काही मापं पुन्हा तपासून घ्यायची होती.

मेहकरच्या पुढे सगळीकडे दुष्काळी कामं चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. गोणपाटाच्या आडोशाला बाया, मांडीपुढे दगड, हातात हातोडी. शेतकरी, मजूर, वाणी, ज्यांच्याकडे मागच्या सालापर्यंत चार गडी राबत होते तेही, सगळे खडी फोडत होते. डोळ्यांत कपच्या जाऊन डोळे लाल झालेले. खडीचे ढीग आठवड्याला लाकडी चौकटीने मापायचे. माप भरलं नाही तर हजेरीतून नाव कापलं जायचं, आणि नाव कापलं की कामावर खायला मिळणारी सुकडी बंद. दुकानात लाल मिलोशिवाय, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीशिवाय, काही नव्हतं, आणि तोही रोज नसायचा.

गाव दिसायला लागलं तसे मी पाय उचलले. गावाच्या अलीकडे रस्त्याला नवं खडीकरण चाललं होतं. एका ढिगाजवळून जाताना मला तुकड्यांत काहीतरी पांढरं दिसलं. वाकून उचललं. मुठीएवढा काळा तुकडा होता आणि त्याच्या एका सपाट बाजूवर माझ्या हातचा अर्धा आकडा होता.

मी धावत देवळाशी गेलो. गाभारा होता. त्याच्यापुढे मोकळी जमीन, नुसती झाडून काढल्यासारखी. मधोमध एकच मोठी शिळा पडून होती, मंडपाच्या छताची मधली शिळा, पाकळ्यांवर पाकळ्या कोरलेली. बाकी काही नाही.

मी परत रस्त्यावर आलो आणि आरडाओरडा सुरू केला. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. हरामखोर म्हणालो हे आठवतं, वंश बुडेल तुमचा, असंही म्हणालो. लोक हातोड्या थांबवून बघत राहिले. कामावरचा मिस्त्री पुढे आला. जालन्याकडचा, साधा माणूस, बिचारा घाबरला होता. "साहेब, नंबर होते ना दगडावर. मला वाटलं सरकारी आहेत. लोकच म्हणले सरकारनं घेतलेत."

मग हळूहळू सगळं कळलं. खाणीत आता सलग कातळ लागला होता, सुरुंगाशिवाय दगड निघेना, आणि सुरुंगाची दारू काही येईना. फोडायला दगड नाही तर माप नाही, माप नाही तर सुकडी नाही. देवळापुढचे दगड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण हात लावायची कोणाची छाती होईना. तेव्हा पारावर कोणीतरी म्हणालं की सडकेच्या बाभळींवर नंबर असतो, म्हणून त्या बाभळी सरकारच्या. या गोट्यांवर सरकारच्या माणसाने नंबर टाकलाय, म्हणजे ते देवाचे राहिले नाहीत, सरकारचे झाले. पाप लागलं तर ते सरकारला. आणि देवाचा दगड घरात चालत नाही, पण सडक काय कोणाचं घर आहे? सडकेला वंश नाही. हे सगळ्यांना पटलं. मलाही आज त्यात खोट काढता येत नाही. पण मी सरकारचा माणूस नव्हतो, हे त्यांना कोण सांगणार होतं?

लोक मला नंतर म्हणाले, तुम्ही नंबर टाकले नसते तर दगड वाचले असते. मी हे मानत नाही. दगडांना नंबर टाकतात, टाकायलाच हवेत. आजही त्या जागी उभा राहिलो तर टाकीन.

गुरवीण तिथेच होती. ओळखू येईना इतकी वाळली होती. तिच्या पुढ्यातही ढीग होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मावशी, तू तरी..."

"मीच पयला घन घातला, बापू," ती म्हणाली. "सारे म्हने, हक गुरवाचा हाये, तू हात लाव मंग आमी लावू. तांब्याभर पानी घातलं गोट्यावर अन् घातला घन."

"मी तुला सांगितलं होतं ना, उभा करतो म्हणून?"

"सांगतलं होतं. मी वाट पाह्यली. पान्याची बी पाह्यली." तिने शेजारी बोट दाखवलं. "पोरगं आलं मलकापूरहून. कपाशीच नाई त जिनिंग बंद पडली."

तिचा मुलगा आडोशाच्या कडेला उभा होता. त्याची बायको गोणपाटाखाली बसून खडी फोडत होती. पोट पुढे आलेलं, महिने भरत आलेले. तिने वर पाहिलं नाही. तिचा ढीग बाकीच्यांच्या निम्माही नव्हता.

मग मुलगा म्हणाला, "साहेब, तुमी आले ते बरं झालं. तुमालेच इचारायचं होतं." माप उद्या होतं. त्या टापूतलं काम संपत आलं होतं, पुढची जागा बरीच लांब होती आणि त्याच्या बायकोला तिथवर चालवणार नव्हतं. या मापाला ढीग भरला तर मिस्त्री तिला बाळंतपणापर्यंत इथेच खडी पसरायच्या हलक्या कामावर ठेवायला तयार होता. फोडायला उरला होता तो एकच दगड, मंडपातली ती शिळा. नंबर असला तरी त्या कोरलेल्या पाकळ्यांना हात लावायला मात्र कोणी तयार होईना, गुरवीणसुद्धा.

"नाही," मी म्हणालो. "तेवढी एक राहू दे."

खिशात होतं ते मी काढून पुढे केलं. त्याने बघितलंसुद्धा नाही. पैशाने हजेरीतलं नाव टिकणार नव्हतं. "एक गोटा ठेवून तुमी काय करसान साहेब?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझं सगळं शिक्षणच त्याच्या बाजूने बोलत होतं. सर सांगायचे, दगडाची किंमत त्याच्या जागेवर असते. खांब गेले, तुळया गेल्या, आता ही शिळा कशाचं छत होती? फार तर एखाद्या संग्रहालयाच्या व्हरांड्यात, नळाशेजारी पडून राहिली असती. मी भांडत होतो तो देवळासाठी नव्हे, मला काहीतरी हातात हवं होतं म्हणून. हे कळायला मला तिथे उन्हात बराच वेळ उभं राहावं लागलं.

"फोडा," मी म्हणालो.

गुरवीण म्हणाली, "याच्यावर माहा हात उठत नाई. नंबर तुवा टाकला. तूच घाल."

तिने तांब्यात तळाशी उरलेलं पाणी शिळेवर ओतलं. दगड इतका तापला होता की ते बघता बघता उडून गेलं. मुलाने घण माझ्या हातात दिला. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला आणि माझे हात कोपरापर्यंत बधिर झाले. दुसऱ्यालाही काही नाही. हा दगड कुठून फुटेल हे मला ठाऊक होतं. पाकळ्यांच्या एका रांगेखालून जाणारी बारीक भेग मी आदल्या हिवाळ्यात नकाशावर नोंदवली होती, ती पुढे वाढू नये म्हणून. तिसरा घाव मी तिच्यावर घातला आणि शिळा दोन तुकडे होऊन पडली. मग बाकीचे पुढे आले.

माझा प्रबंध पुढे झाला. मंडपाचे नकाशे त्यात पूर्ण आहेत, एकही दगड सुटलेला नाही. परीक्षकांनी फार वाखाणलं. सरांना मी सगळं सांगितलं, ते ऐकत राहिले आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा पेढे वगैरे काही नव्हतं, साखरच मिळत नव्हती.

शिळा फोडली त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून फोडत राहिलो. हाताला फोड आले, फुटले. मुलगा मोठे तुकडे करून देत होता, गुरवीण आणि मी बारीक करत होतो. पाकळ्या असलेले तुकडे हातात आले की मी त्यांची कोरीव बाजू खाली करून हातोडी मारायचो. रात्री देवळाच्या ओट्यावर पडलो, झोप लागली की नाही कोण जाणे.

सकाळी मिस्त्री चौकट घेऊन आला. त्याने ती सुनेच्या ढिगावर ठेवली, खडी आत सारली, हाताने वरचा थर सपाट केला. चौकट काठोकाठ भरली आणि वर थोडी उरली. मिस्त्रीने मान हलवली. ती पोर तोवर कोणाकडे बघत नव्हती. आता एक हात जमिनीवर टेकून ती हळूच उठली, भरलेल्या चौकटीकडे बघितलं आणि खुदकन हसली. सासू हसली, नवरा हसला. माझ्याकडे बघूनही ती हसली, जणू मी तिच्याच घरचा.

तिचा काहीच दोष नव्हता. तिला जगायचं होतं, पोटातलं जगवायचं होतं, आणि तिचा ढीग भरला होता. तरी मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी पिशवी उचलून कोणालाही न सांगता मेहकरच्या वाटेला लागलो. एवढी वर्षं झाली, तो राग अजून पुरता गेलेला नाही.